मी खोडलेल्या चार ओळी

आमच्या दुकानात नव्या वर्षाआधीच्या बाराव्या चांद्र महिन्यात जी गर्दी होते तिला मी एकटी पुरून उरत होते, आणि ते सगळ्या शीलुओ गावाला माहीत आहे. कोणाच्या घरी साधी गोड कुए, म्हणजे तांदळाच्या चिकट पिठाची वाफवलेली वडी, लागते, कोणाला काळा गूळ घातलेली, कोणाच्या सासूला दात नाहीत म्हणून पीठ जरा सैल ठेवायचं, हे सगळं माझ्या डोक्यात. वही होती, पण ती दुसऱ्यांसाठी. मी तिसरीतून शाळा सोडली ती तांदूळ दळायला बसले. अडुसष्ट वर्षांची झाले तरी एखादं घर चुकलं असं कधी झालं नव्हतं.

मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, उभं राहणं कमी करा. माझा मुलगा चेंग-यी वाफेच्या भट्टीपाशी, त्याला मान वर करायला वेळ नाही. तेव्हा माझी सून या-जू म्हणाली, "आई, फोनवरचे निरोप घ्यायला आणि मागण्या नोंदवायला एक एजंट बसवू या. मी करते." ती ताइपेईची. लग्नाआधी एका कंपनीत हेच काम करायची.

एजंट म्हणजे माणूस नव्हे. संगणकात बसलेला गडी. त्याला वाचता येतं, लिहिता येतं, आणि झोप लागत नाही. दुकानातल्या बायका त्याला नवा गडी म्हणायला लागल्या. आमच्याकडे बावीस वर्षं पीठ मळणारी अ-त्साई म्हणाली, "बरं झालं, याला तरी दुपारचं जेवण द्यावं लागणार नाही."

या-जूने मला समजावलं की हा गडी हुशार आहे, पण नुसत्या हुशारीवर काही करू शकत नाही. त्याला अवजारं द्यावी लागतात. एक अवजार मागणी नोंदवायचं, एक गाडी पाठवायचं, एक माझी जुनी वही उघडून घराबद्दल काय लिहिलंय ते बघायचं, एक जुन्या गिऱ्हाइकाला गेल्या वर्षीचीच मागणी पुन्हा पाठवायचं. अशी बारा. आणि प्रत्येक अवजारावर चिठ्ठी लावायची. हे काय करतं, कधी वापरायचं, कधी अजिबात वापरायचं नाही.

"चिठ्ठी कशाला?" मी म्हटलं. "हुशार आहे ना?"

"हुशार आहे, आई, पण तो या गावात राहिलेला नाही. त्याला चिठ्ठीत आहे तेवढंच माहीत. वही दिलीय, पण वही कशासाठी उघडायची ते लिहिलं नाही तर तो ती उघडणार नाही."

"मग तो हुशार कसला? अ-त्साईला मी कधी चिठ्ठी लिहून दिली होती का?"

अ-त्साई पीठ मळता मळता म्हणाली, "मला तुम्ही पहिल्या वर्षी लाटण्याने समजावलं होतं."

बायका हसल्या. या-जूही हसली. मला ते आवडलं नाही.

पंधरा दिवस ती पोरगी चिठ्ठ्या लिहीत होती. दुपारी काम आवरलं की वही घेऊन अ-त्साईजवळ बसायची, शेजारच्या सोया सॉसवाल्या म्हातारीकडे जायची, आणि विचारायची: यांच्याकडे काय पाठवत नाहीत? कधी पाठवत नाहीत? का? मला मात्र फार विचारायची नाही, कारण विचारलं की मी म्हणायचे, "हे काय विचारायचं असतं?"

दहाव्या तारखेला तिने बाराही चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात छापून माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "तुम्ही वाचून शिक्का मारा, म्हणजे मी त्या आत घालते. तुमच्याशिवाय हे बरोबर आहे की नाही कोणाला कळणार?"

हे शेवटचं वाक्य तिने मनापासून म्हटलं होतं. आता कळतं.

मला वाचता येतं. सावकाश येतं, पण येतं. पहिल्या तीन चिठ्ठ्यांवर मी शिक्का मारला. चौथी जुनी मागणी पुन्हा पाठवायच्या अवजाराची. ती सगळ्यांत लांब. त्यात खाली चार ओळी होत्या, मला अजून शब्दन्‌शब्द आठवतात:

हे वापरण्याआधी घराची नोंद उघडून पाहा. त्या घरात वर्षभरात कोणी वारलं असेल तर हे वापरू नका. ते घर नव्या वर्षाची कुए स्वतः घेत नाही, शेजारीपाजारी आणून देतात. गेल्या मागणीत वाढदिवस, बाळाचा महिना किंवा लग्न अशा एकदाच होणाऱ्या प्रसंगाचं काही असेल तर ते पुन्हा पाठवू नका. शंका आली तर आईंना विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मी वाचलं आणि माझं डोकं तापलं. दुखवट्याच्या घरात कुए वाफवत नाहीत हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. तीन वर्षांपूर्वी आलेली, फ्लॅटमध्ये वाढलेली पोरगी हे छापून माझ्यापुढे ठेवते, आणि खाली मी शिक्का मारायचा! मला वाटलं, ती मशीनला नव्हे, मलाच शिकवते आहे.

मी तांबडी पेन्सिल घेतली आणि चारही ओळींवर एकेक रेघ ओढली.

"आई, त्या ओळी लागतील."

"कशाला? पाहुण्याला तोंड कुठे आहे ते सांगतेस का जेवायला बसवताना?"

"त्याला खरंच माहीत नसतं."

"वही दिलीयेस ना त्याला? त्यात सगळं आहे. बघेल." मी म्हटलं, "लिही. जुन्या गिऱ्हाइकांना गेल्या वर्षीचंच पाठव. विचारत बसू नकोस, त्यांना आवडत नाही. उत्तर नाही आलं तर होकार समज. झालं. मी तीस वर्षं असंच करते आहे."

ते खरंही होतं. जुनी माणसं उत्तर देत नाहीत. त्यांना गृहीत धरलेलं आवडतं. पण मी गृहीत धरायचे तेव्हा माझ्या डोक्यात अख्खं गाव असायचं. त्या गड्याच्या डोक्यात माझी तीन वाक्यं.

वहीच्या चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं की यात मृत्यू, आजारपण, भांडणं, पथ्यपाणी यांच्या नोंदी आहेत, काहीही पाठवण्याआधी पाहाव्यात. तीही मी छाटली. 'गिऱ्हाइकांची माहिती' एवढंच ठेवलं. मी शिक्का मारला. या-जूने कागद उचलून घेतला. मग म्हणाली, "बरं, आई." आणि तेवढंच आत घातलं.

मेई-रोंग माझी लहानपणची मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वयात गवताच्या टोप्या विणायला जायचो, एकाच वर्षी लग्नं झाली. तिचा नवरा शुई-मू गेल्या वर्षी एक्याऐंशीत शिरला तेव्हा नव्या वर्षाच्या आधी त्याच्या मुलांनी मोठा समारंभ केला. एक्याऐंशी लाल कासवं आमच्याकडून गेली. लाल चिकट पिठाची, आत गोड घेवड्याचं सारण, साच्यात दाबून पाठीवर दीर्घायुष्याचं अक्षर उठवलेली. साचा मी स्वतः दाबला होता. शुई-मूने एक उचलून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "सू-झू, एवढी खाल्ली तर मला मरायला सवडच मिळणार नाही."

नवव्या महिन्यात तो गेला. मी तीन दिवस तिच्याकडे बसून होते, कागदी फुलं दुमडत. वहीत नोंदही मीच केली, माझ्या हाताने: शुई-मू वारले. कोणाला वाटेल मी विसरले होते. मी विसरले नव्हते. मी फक्त ते चिठ्ठीत लिहू दिलं नाही.

पंचविसाव्या तारखेला सकाळी दुकानात रांग बाहेर रस्त्यापर्यंत होती. मेई-रोंगचा मोठा मुलगा जिन-फा रांगेच्या बाजूने सरळ आत आला. बाहीवर दुखवट्याच्या कापडाचा तुकडा. त्याच्या हातात आमच्याच दुकानाचे तीन लाल खोके एकावर एक. ते त्याने विक्रीच्या उंच पाटावर ठेवले आणि वरच्याचं झाकण काढलं.

लाल कासवं. पाठीवर दीर्घायुष्याचं अक्षर.

"सू-झू काकू," तो म्हणाला, आवाज चढवला नाही, "माझ्या बापाला अजून किती वर्षं द्यायचीत तुम्हाला?"

रांगेतल्या माना खोक्यांकडे वळल्या. 

"आईने दार उघडलं," तो म्हणाला, "दारात हे. ती खाली बसली ती उठेचना. तिला वाटलं कोणी मुद्दाम केलं."

काय झालं ते नंतर या-जूने नीट लावून दाखवलं. गड्याने मेई-रोंगला निरोप पाठवला: गेल्या वर्षीचंच पाठवू का? शुई-मू गेल्यापासून ती फोन उघडत नव्हती. उत्तर आलं नाही. होकार समजला. वही उघडली नाही, कारण का उघडायची ते कुठे लिहिलेलं नव्हतं. साचे दाबणाऱ्या बायकांच्या यादीत नाव नव्हतं, नुसता आकडा. गाडीवाला हंगामापुरता दुसऱ्या गावाहून आलेला. खोके दारात ठेवले, फोटो काढला, निघून गेला. गड्याने काही चुकीचं केलं नाही. चिठ्ठीत होतं तसंच केलं.

पण मी तिथे उभी होते, माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि जिन-फा माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि त्या क्षणी मला ती तांबडी रेघ दिसत होती. हे मी मुद्दाम सांगते आहे. मला आठवत होतं.

मी म्हटलं, "माझा यात काय संबंध रे बाबा? मी असं करीन का? या-जूने त्या मशीनला काहीतरी भलतंच शिकवून ठेवलंय. आजकालच्या पोरींना घरात कोण जिवंत, कोण गेलं, याचं काय? बोटं फिरवली की झालं!"

या-जू मागून आली होती. हातात पिठाने माखलेले हातमोजे. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. कागद तिच्या खणात होता, माझ्या शिक्क्यासकट, रेघांसकट. पाच पावलांवर.

ती जिन-फापुढे वाकली. "चूक झाली. माफ करा."

जिन-फा जरा घुटमळला. मग म्हणाला, "जाऊ दे वहिनी, तुम्ही शहरातल्या." आणि गेला. खोके तिथेच.

रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "शिकलेल्या सुनेचं हेच." मी ऐकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजले.

त्या दिवशी चेंग-यी तिच्याशी बोलला तो रात्री जेवतानाच. भाताचा वाडगा खाली ठेवून म्हणाला, "ते मशीन बंद कर. नव्या वर्षानंतर तुझ्या जुन्या कंपनीत विचारून बघ. हे दुकान तुझ्याच्याने व्हायचं नाही."

"म्हणजे मी ताइपेईला जाऊ?"

"काही दिवस."

काही दिवस म्हणजे काय असतं ते आम्ही तिघंही समजत होतो. या-जूने मान हलवली. मी तोंडात घास होता म्हणून बोलले नाही. घास गिळून झाल्यावरही बोलले नाही.

सव्विसाव्या तारखेला मी तिला घेऊन मेई-रोंगकडे गेले. असं करावंच लागतं. ज्याच्या हातून झालं त्याने देवघरातल्या फोटोपुढे येऊन क्षमा मागायची. रस्त्यात ती माझ्या एक पाऊल मागे. शुई-मूचा फोटो, पुढे उदबत्ती, संत्री. या-जू गुडघ्यांवर बसली, तीनदा डोकं टेकवलं. मी शेजारी उभी. गुडघ्यांचं निमित्त होतं माझ्याकडे.

मेई-रोंग किती वाळली होती. ती म्हणाली, "उठव गं तिला. तिला काय कळणार? कालची पोरगी." मग या-जूला म्हणाली, "ऊठ बाळ. जमीन थंड आहे."

मी म्हटलं, "मी तिला चांगलं समजावते."

हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं. मी तिला समजावते!

घरी आल्यावर काम होतं म्हणून बरं. मी मेई-रोंगसाठी कुए वाफवायला घेतली. दुखवट्याच्या घरात शेजाऱ्याने न्यायची असते, आणि तिच्यासाठी ती दुसऱ्या कोणी नेली असती तर मला चाललं नसतं. सात तास लागतात. सात तास मी भांड्याजवळ बसून होते आणि या-जू पलीकडे रिकाम्या टेबलापाशी बसून होती, काही लिहीत नव्हती. एकदाच तिने विचारलं, "आई, पाणी घालू का भांड्यात?" मी म्हटलं, "घाल." तिने घातलं. उत्तर आलं नाही तर होकार समज, हे मी त्या गड्याला शिकवलं होतं. ही पोरगी गप्प बसली त्याचाही मी तोच अर्थ लावला होता: दोष घेते आहे, म्हणजे घेऊ दे.

सत्ताविसाव्या तारखेला दुपारी मी एकटी कुए घेऊन गेले. मेई-रोंगने दार उघडलं, कुए घेतली, फोटोपुढे ठेवली. मग चहा ओतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"काल तुझी सून पुन्हा येऊन गेली."

"कोण? या-जू? कधी?"

"रात्री, जेवणं झाल्यावर. एकटी. वही घेऊन. मला विचारत होती, अशा वर्षात आणखी काय काय आलं तर लागतं? म्हणाली, दुसऱ्या कुठल्या घरी असं होऊ नये. मी सांगितलं तिला. लाल कागदातलं काही नको. 'कसे आहात सगळे' असं छापलेलं नको, सगळे नाहीत आता. त्यांच्या नावाने आलेलं काही नको. सगळं लिहून घेतलं पोरीने. एकदाही मध्ये बोलली नाही."

मी चहा हातात धरून बसले.

"मी तिला म्हटलं," मेई-रोंग म्हणाली, "एवढं तुला कळतं तर आधी का नाही लिहिलंस? तर म्हणते, चिठ्ठी अपुरी राहिली. कोणी अपुरी ठेवली ते काही बोलली नाही."

"मेई-रोंग…"

"साठ वर्षं ओळखते गं तुला, सू-झू. लांबलचक बोलणं तुला फक्त स्वतःचं आवडतं."

मी तेव्हा सांगितलं. चिठ्ठी, चार ओळी, पेन्सिल, शिक्का. सांगताना मला वाटलं होतं रडू येईल, म्हणजे जरा सोपं होईल. आलं नाही. कोरडंच सांगावं लागलं, एखाद्याने खिशातून चोरीचा माल एकेक काढून ठेवावा तसं.

मेई-रोंगने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कासवांचं मला काही नाही. पहिल्यांदा धस्स झालं, मग मी एक खाल्लंही. त्यांना आवडायची. पण तू त्या पोरीला माझ्या नवऱ्यापुढे गुडघ्यांवर बसवलंस. तू उभी राहिलीस. माझ्या घरात."

"मला माफ कर."

"मला काय सांगतेस? दोष कुठे दिलास?"

"दुकानात."

"मग दुकानात सांग." तिने माझा पेला उचलला. चहा अर्धा होता अजून. "आणि आता जा. कुए ठेवून घेते. ते तुझ्या हातच्या कुएची वाट बघायचे. तुझी नाही."

घरी येताना मी लहान लहान वाटा शोधत होते. चेंग-यीला एकट्याला सांगावं. तो तिला सांगेल. किंवा भटारखान्यात अ-त्साईसमोर सहज बोलून टाकावं, अ-त्साईला सांगितलं की गावाला कळतंच. किंवा नवं वर्ष होऊन जाऊ द्यावं, या दिवसांत कशाला अशुभ. अशी मी मनात दहा वेळा सांगून मोकळी झाले, आणि प्रत्येक वेळी कोणी ऐकत नव्हतं.

त्या रात्रीच्या जेवणाला या-जू आली नाही. खोलीत तिची पेटी उघडी होती. चेंग-यी म्हणाला, "एकोणतिसाची गाडी बघते आहे." तो वाडग्याकडे बघून बोलत होता, आणि त्याचा चेहरा बापासारखा दिसत होता, त्याला पश्चात्ताप झाला की दिसायचा तसा. मी त्यालाही सांगितलं नाही. दुकानात सांगायचं ठरवलं होतं, हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे धीर झाला नाही.

अठ्ठाविसावी तारीख म्हणजे वर्षातली सगळ्यांत मोठी रांग. या-जू खोके बांधत होती. मी गल्ल्याच्या मागची माझी खुर्ची सोडली आणि पुढे पाटापाशी येऊन उभी राहिले. पाट दोन्ही हातांनी धरला.

"ऐका," मी म्हटलं. "पंचविसाला इथे लाल कासवं परत आली. तुमच्यातले बरेच जण होते. मी या-जूला बोलले. ती चूक तिची नव्हती. तिने चिठ्ठीत लिहिलं होतं, दुखवट्याच्या घरी पाठवू नका म्हणून. मी ते खोडलं."

पुढचे दोन-तीन जण बघत राहिले. मागे कोणी तरी विचारत होतं, काय झालं, भाव वाढला का.

अ-त्साईने पिठातून हात काढले. "मोठ्याने बोला," ती म्हणाली. "मागे ऐकू गेलं नाही. त्या दिवशी गेलं होतं."

मला त्या बाईला त्याच दिवशी काढून टाकावंसं वाटलं. आणि ती बरोबर होती.

मी पुन्हा सांगितलं, त्या दिवशी ओरडले होते त्याच आवाजात. "मी खोडलं! मला वाटलं ती मला शिकवते आहे. तिने दोनदा सांगितलं, लागेल म्हणून. मी ऐकलं नाही. आणि इथे सगळ्यांसमोर तिच्यावर ढकललं, मला माहीत असताना. त्यात तिचा काही दोष नाही. सगळा माझा."

चेंग-यी भट्टीपाशी उभा होता. झाकण हातात, वाफ तोंडावर येते आहे, त्याला भान नाही. रांगेतली त्या दिवशीची बाई आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली.  मग पुढचा म्हातारा खाकरून म्हणाला, "दोन गोड आणि एक मुळ्याची," आणि या-जूने त्याला दोन गोड आणि एक मुळ्याची बांधून दिली.

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. दिवसभर नाही. मी खुर्चीवर परत बसायला गेले नाही. गुडघे ओरडत होते, ओरडू दिले. दुपारी चेंग-यी तिच्याजवळ जाऊन हळू काही बोलला. तिने त्याच्या हातात खोक्यांची सुतळी दिली आणि त्याला बांधायला लावलं. तिने उत्तर दिलं की नाही ते मला दिसलं नाही.

दुकानाचं शटर खाली ओढलं तेव्हा पाच वाजले असतील. बायका गेल्या. ती पाट पुसत होती. मी म्हटलं, "चिठ्ठी पुन्हा लिहिलीस का?"

"लिहिली. काल रात्री घातली आत. मेई-रोंग काकूंनी सांगितलं तेही."

"शिक्का?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा. तोवर ते अवजार मी बंद ठेवलंय."

"नको. शिक्का नको. तू लिहिलंयस ते असू दे." मग मला वाटलं हेही हुकूमच झाला. "म्हणजे, तू राहणार असलीस तर. गाडीचं तुझ्यावर आहे."

ती पुसत राहिली. एका जागी पीठ वाळलं होतं, ते नखाने खरवडलं.

"आई, इथे बोललात ते मला एवढं लागलं नव्हतं," ती म्हणाली. "लोक येतात, जातात. चेंग-यी म्हणाला तेही नाही, त्याला माहीत नव्हतं. पण फोटोपुढे मी डोकं टेकवत होते तेव्हा तुम्ही माझ्या मानेवर हात ठेवलात. आणखी खाली जावं म्हणून दाबलंत."

मला वाटलं होतं ते कोणाला कळलं नाही. तिलाही वाटलं असेल की आधार दिला, असं मी समजत होते. दोन दिवस मी स्वतःलाही तेच सांगत होते.

"दाबलं," मी म्हटलं.

"हो."

याहून जास्त माझ्याकडे काही नव्हतं. माफी मी सकाळी सगळ्यांना ऐकवली होती, आणि ती या हातापर्यंत पोचत नव्हती. मी हात एप्रनखाली घेतला आणि तशीच उभी राहिले.

बाहेर कोणी शटर वाजवलं, दुकान बंद झालं का, एकच हवी होती, घरी म्हातारी आहे. या-जूने फडकं ठेवलं, शटर गुडघ्याइतकं वर केलं आणि खाली वाकून विचारलं, "गोड की साधी? आणि काकू, आजींचे दात कसे आहेत, घट्ट चालेल?"